लिहिताना अडणाऱ्या मुलांसाठी शब्द सुचवणारा कीबोर्ड: सुरुवात कशी करायची

फोनमध्ये मराठी कीबोर्ड टाकायचा, सजेशन चालू करायची आणि फोन मुलाच्या हातात द्यायचा, अशी सुरुवात बहुतेक घरांत होते. मग कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर शब्द सुचवले जातात, मूल त्यातला दिसेल तो पहिला शब्द दाबत सुटतं, वाक्याला अर्थ उरत नाही, आणि थोड्याच दिवसांत सगळं गुंडाळून ठेवलं जातं. सुचवलेल्या शब्दांतून हवा तोच शब्द उचलणं हे वेगळं कौशल्य आहे. ते आपोआप येत नाही, शिकवावं लागतं. खालची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

साधारण तिसरीच्या पुढचे, तोंडी चांगलं सांगणारे पण लिहिताना अडणारे विद्यार्थी इथे डोळ्यांसमोर आहेत. साधन म्हणून अँड्रॉइड फोन किंवा टॅबलेट आणि त्यावरचा जीबोर्ड (गूगलचा कीबोर्ड) धरला आहे. तो फुकट आहे आणि बहुतेक फोनवर आधीपासून असतो. जमलं तर टॅबलेट घ्या, कारण फोनच्या पडद्यावर मराठीची अक्षरं फार दाटीवाटीने बसतात.

१. आधी अडचण नेमकी कुठे आहे ते पाहा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. वेगवेगळ्या तीन दिवशी, प्रत्येकी १० मिनिटांचं हस्तलेखन घ्या: एक दिवस पुस्तकात पाहून लिहिणं, दुसऱ्या दिवशी श्रुतलेखन, तिसऱ्या दिवशी स्वतःच्या मनाने लिहिणं. तिसऱ्या दिवशी लिहिण्याआधी तोच विषय तोंडी सांगायला लावा आणि फोनवर रेकॉर्ड करा. प्रत्येक कागदावर तारीख टाका आणि तीन आकडे लिहा: एकूण शब्द, वाचता येणारे शब्द, शुद्ध शब्द.

पाहून लिहिणंही संथ आणि वेडंवाकडं असेल तर अडचण हाताची आहे. पाहून लिहिणं ठीक पण श्रुतलेखनात गोंधळ असेल तर अडचण शुद्धलेखनाची आहे. शब्द सुचवणाऱ्या कीबोर्डचा सर्वांत जास्त फायदा या दुसऱ्या गटाला होतो. पहिल्या गटालाही होतो, पण त्यांच्याकडून लगेच वेगाची अपेक्षा ठेवू नका. कमी बटणं दाबावी लागली तरी यादी वाचायला वेळ जातोच.

तोंडी सांगतानाही मूल दोन वाक्यांत थांबत असेल, तर अडचण मुद्दे सुचण्याची आहे. तिथे हा कीबोर्ड फारसा कामाचा नाही. आधी गप्पा, चित्रं, मुद्द्यांचं जाळं यांवर काम करा.

आता एक छोटी चाचणी. रोजच्या वापरातले २० शब्द सांगा आणि फक्त पहिलं अक्षर लिहायला सांगा. मूल जी पहिली अक्षरं देतं त्यांवरूनच कीबोर्ड शब्द शोधतो. 'टोपी' लिहायला मुलाने त घेतला तर पट्टीवर टोपी येण्याची शक्यता फार कमी. २० पैकी १५ पेक्षा कमी बरोबर आली तर दोन-तीन आठवडे पहिल्या आवाजाचा सराव घ्या. त-ट, द-ड, न-ण, श-स या आवाजातल्या जोड्या आणि घ-ध, भ-म, प-ष या दिसण्यातल्या जोड्या वेगवेगळ्या करा. दोन्हींचा सराव एकाच दिवशी नको.

> तपासा: तीन दिनांकित नमुने, तोंडी रेकॉर्डिंग आणि पहिल्या अक्षराचे गुण हातात आहेत? नसतील तर पुढे जाऊ नका. दीड महिन्याने तुलना करायला दुसरं काहीच नसेल.

२. कीबोर्ड बसवा, मुलाला देण्याआधी

जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये 'लँग्वेजेस'मध्ये जाऊन 'ॲड कीबोर्ड' दाबा आणि मराठी निवडा. इथे दोन चुका हमखास होतात.

पहिली चूक म्हणजे मराठीऐवजी हिंदी निवडली जाणं. दोन्हींची लिपी देवनागरी असल्याने चूक लगेच लक्षात येत नाही. मूल 'आहे' लिहायला जातं आणि पट्टीवर हिंदी शब्द येत राहतात.

दुसरी चूक मांडणीची. मराठी निवडल्यावर थेट देवनागरी अक्षरांची मांडणी मिळते आणि इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याचीही मिळते. मोठ्यांना दुसरी सोपी वाटते, म्हणून तीच मुलाला दिली जाते. शुद्धलेखनात अडणाऱ्या मुलावर मात्र ती दुहेरी ओझं टाकते. त्याला आधी मराठी आवाज ओळखायचा, मग तो इंग्रजी अक्षरांत बसवायचा आणि नंतर देवनागरीत उमटलेला शब्द तपासायचा असतो. त आणि ट दोन्हींसाठी एकच इंग्रजी अक्षर, हे तर वेगळंच दुखणं. थेट देवनागरीच घ्या. फोनवर रोमन मराठी सराईतपणे लिहिणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांचा अपवाद करायला हरकत नाही.

पडद्याची चमक डोळ्यांना सोसेल एवढी ठेवा आणि कीबोर्डची उंची वाढवून बटणं मोठी करा. भाषेच्या फाइल्स वायफायवर उतरवून घ्या आणि विमान मोड लावून सजेशन येतात का ते पाहा. वर्गात इंटरनेट नसतं, तेव्हा हे कळून उपयोग नाही.

> तपासा: हे शब्द स्वतः लिहून पाहा: दुसऱ्या, किनाऱ्यावर, बाळ, ज्ञान, क्षेत्र, ऑगस्ट, ॲसिड. ऱ्य कुठून येतो (बहुधा र दाबून धरल्यावर ऱ मिळतो), ॲ कुठे आहे, हे तुम्हाला न शोधता सांगता आलं पाहिजे. मुलाने विचारल्यावर तुम्हीच बटणं चाचपडू लागलात तर त्याचा धीर तिथेच सुटतो.

३. नको ते बंद करा

मूळ सेटिंग्ज घाईत निरोप पाठवणाऱ्या मोठ्या माणसासाठी असतात. मुलासाठी त्यांतलं बरंच बंद करावं लागतं. सेटिंग्जची नावं आवृत्तीनुसार थोडी बदलतात, पण शब्दसूचना आणि दुरुस्तीच्या विभागात हे सगळं सापडतं.

'ऑटो-करेक्शन' आधी बंद. हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा बदल आहे. ते चालू असलं की स्पेस दाबताच कीबोर्ड परस्पर शब्द बदलतो. मूल 'मी लिहिलं ते हे नाही' एवढंच पाहतं आणि आपल्यालाच काही येत नाही अशी खूणगाठ बांधतं. सजेशन पट्टी चालू राहू द्या, कारण तिथे निर्णय मुलाच्या हातात असतो.

'नेक्स्ट-वर्ड सजेशन्स', म्हणजे पुढचा शब्द आधीच सुचवणं, पहिले तीन आठवडे बंद. मुलाने अक्षर दाबण्याआधीच पट्टीवर तीन शब्द आले तर मनातलं वाक्य निसटतं आणि मूल पट्टी सांगेल ते लिहू लागतं. अशी वाक्यं ओळखायला सोपी असतात. व्याकरणात बसतात, पण मुलाच्या मनातली नसतात.

इमोजी, स्टिकर, बोट घसरवून लिहिणं, क्लिपबोर्डच्या सूचना, बटणांचा आवाज, सगळं बंद. आक्षेपार्ह शब्द रोखण्याची सोय मात्र चालू ठेवा.

फोन घरातल्या मोठ्यांचा असेल तर मुलासाठी स्वतंत्र यूजर प्रोफाइल बनवा. काही फोनवर ती सोय नसते. मग 'प्रायव्हसी'मध्ये जाऊन शिकलेले शब्द एकदा पुसून टाका. नाहीतर मोठ्यांच्या व्हॉट्सॲपमधलं 'करतोय', 'आलास कि', 'ठीके' मुलाच्या निबंधात सुचवलं जाईल.

> सावधान: कीबोर्ड मुलाच्या चुकाही शिकतो. 'आणी' चार वेळा लिहिलं की 'आणि'च्या शेजारी 'आणी'ही दिसू लागतं. आठवड्यातून एकदा पट्टीवरचे असे शब्द दाबून धरा आणि कचरापेटीकडे ओढून काढून टाका.

४. शब्द आधी भरून ठेवा

रोजचे शब्द कीबोर्डला माहीत असतात. मुलाच्या गावाचं, मैत्रिणीचं, शाळेचं नाव आणि धड्यातले पारिभाषिक शब्द बहुधा नसतात किंवा फार मागे असतात. लिहिताना नेमके तेच लागतात.

'डिक्शनरी', मग 'पर्सनल डिक्शनरी', मग मराठी, असं जाऊन शब्द भरा. पहिल्या दिवशी १५ ते २० पुरेत: मुलाचं पूर्ण नाव, घरच्यांची नावं, गाव, तालुका, शाळा, आवडता खेळ. त्यानंतर प्रत्येक नव्या धड्याआधी आठ-दहा. धडा शिकवून झाल्यावर नव्हे, आधी. आणि प्रत्येक शब्द भरण्यापूर्वी पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहा, कारण इथली चूक मूल वर्षभर विश्वासाने उचलत राहील.

लांब शब्दांसाठी तिथेच शॉर्टकट देता येतो. 'प्रकाशसंश्लेषण' लिहायला मात्रा, अनुस्वार, हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह) धरून १४ चिन्हं लागतात. मूल 'प्रक' लिहितं तेव्हा पट्टीवर 'प्रकार', 'प्रकाश', 'प्रकल्प' यांसारखे जास्त वापरातले शब्द पुढे येतात. हवा तो शब्द तीन जागांच्या पट्टीत मागे पडतो. 'प्रसं' असा शॉर्टकट दिला की काम पाच चिन्हांत होतं. पण एका वेळी पाचापेक्षा जास्त शॉर्टकट नकोत. ते लक्षात ठेवणं हाच नवा अभ्यास होऊन बसतो.

> तपासा: भरलेल्या प्रत्येक शब्दाची पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करून तो पट्टीवर येतो का पाहा. अनेकदा शब्द हिंदी किंवा इंग्रजीच्या यादीत भरला गेलेला असतो.

५. शब्द निवडायला शिकवा

आता टॅबलेट मुलाकडे. पहिल्या बैठकीत शाळेचं काहीही लिहायला देऊ नका. नवं साधन आणि नवा धडा एकत्र आले की दोन्ही बिघडतात. १५ मिनिटं, आवडीचा विषय, फक्त सुटे शब्द.

क्रम असा ठेवा आणि छापून टेबलावर चिकटवा:

१. वाक्य आधी तोंडाने पूर्ण बोल.
२. शब्दाची पहिली दोन अक्षरं लिही.
३. थांब. पट्टीकडे बघ, तिन्ही शब्द वाच.
४. हवा तो असेल तर दाब. नसेल तर एक अक्षर आणखी लिही आणि पुन्हा बघ.
५. वाक्य झालं की ऐक.

तिसऱ्या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. मुलं दोन टोकांना जातात. काही पट्टीकडे बघतच नाहीत आणि पूर्ण शब्द लिहून मोकळी होतात. काही प्रत्येक बटणानंतर वर बघतात आणि दमतात. दोन अक्षरांनंतर बघायचं, हा नियम दोघांनाही सांभाळून घेतो. सुरुवातीला तुम्ही शेजारी बसून 'थांब, बघ' एवढंच म्हणा. बोट दाखवून शब्द सांगू नका, नाहीतर मूल पट्टीऐवजी तुमच्या बोटाकडे बघायला शिकेल.

चार अक्षरांनंतरही शब्द आला नाही तर पहिल्या अक्षराची वेलांटी किंवा उकार बदलून एकदा पाहायचं. तरीही नाही? मग जसा येतो तसा लिहायचा, पुढे तारा टाकायचा आणि वाक्य पूर्ण करायचं. ताऱ्याचे शब्द शेवटी एकत्र पाहायचे. एका शब्दापायी वाक्य सोडून द्यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा.

ऐकण्यासाठी अँड्रॉइडच्या 'ॲक्सेसिबिलिटी'मधलं 'सिलेक्ट टू स्पीक' चालू करा आणि मराठी आवाज उतरवून ठेवा. 'शाळेत' ऐवजी 'शाळेला' दाबलं गेलं असेल तर वाचताना निसटतं, पण ऐकताना कानाला लगेच खटकतं. ऐकूनही न कळणाऱ्या जोड्या मात्र वेगळ्या शिकवाव्या लागतात: दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब, शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. त्यांची अर्थासह एक छोटी यादी टेबलावर असू द्या.

६. मराठीत हमखास अडतं ते: प्रत्यय, वेलांट्या, जोडाक्षरं

इंग्रजीसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिका इथे फारशा कामाच्या नाहीत, कारण मराठी शब्द वाक्यात जाताना रूप बदलतो.

'माझ्या बहिणीला दूध आवडत नाही' हे वाक्य घ्या. मूल 'बहीण' लिहायला 'बही' टाइप करतं, पट्टीवर 'बहीण' दिसतं आणि ते दाबतं. कीबोर्ड शब्दापुढे आपोआप जागा सोडतो. आता 'ला' जोडायचं म्हणून मूल 'ईला' लिहितं किंवा मागे जाऊन 'बहीणला' करतं. दोन्ही चूक. त्यामुळे सवय अशी लावा: सुटा शब्द दिसला तरी दाबायचा नाही, वाक्यात लागणारं पूर्ण रूप दिसेपर्यंत लिहायचं. म्हणजे 'बहिणी'पर्यंत जायचं आणि 'बहिणीला' उचलायचं.

याच उदाहरणात दुसरी गोष्टही आहे. 'बहीण'मधली दीर्घ वेलांटी 'बहिणीला'मध्ये ऱ्हस्व होते. 'दूध'चं 'दुधात', 'फूल'चं 'फुलाला', 'गरीब'चं 'गरिबाला'. मूल 'दूधा' लिहून 'दुधात' शोधत असेल तर कीबोर्डला ते सापडेलच असं नाही. नियम समजावत बसू नका. 'प्रत्यय लागणार असेल तर आधी ऱ्हस्व करून बघ' एवढं वाक्य पुरतं आणि बहुतेक वेळा चालतं. उलट, शब्दाच्या शेवटी इ-उ आले तर दीर्घ: कवी, गती, पाटी, लाडू. 'आणि' आणि 'नि' हे अपवाद मात्र पाठच करून घ्या, ते प्रत्येक परिच्छेदात येतात.

अनुस्वाराकडे लक्ष हवं. पट्टीवर 'मुलाला' आणि 'मुलांना', 'त्याने' आणि 'त्यांनी' शेजारी दिसतात. वाचनात अडणाऱ्या मुलाला तो ठिपका दिसतच नाही. फोनचा अक्षर आकार एक पायरी वाढवा आणि विचारायला शिकवा: एक की अनेक?

जोडाक्षरांत अर्ध्यावरच सजेशन घेणं फायद्याचं. 'विद्यार्थ्यांना' पूर्ण लिहिण्यात द्य, र्थ्य आणि अनुस्वार असे तीन घसरायचे टप्पे आहेत. 'विद्या'पर्यंत नीट आलं की पुढचं पट्टीवर सोपवा. आणि बॅकस्पेस बऱ्याचदा एकेक चिन्ह पुसतो, अख्खं अक्षर नाही. पडद्यावर मध्येच पाय मोडलेलं 'थ्' दिसतं तेव्हा मूल घाबरतं. पूर्ण शब्द पुसून नव्याने सुरू करायला सांगा, तेच लवकर होतं.

७. पहिले सहा आठवडे

रोज १५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. एका रविवारी दीड तास बसवून काहीही साधत नाही.

पहिला आठवडा सुटे शब्द आणि नावं. दुसऱ्यात रोज तीन-चार वाक्यं, तीही तोंडी बोलून झाल्यावर. तिसऱ्यात एका विषयाचा गृहपाठ, शिक्षकांशी बोलून: बाकी विषय पूर्वीसारखेच. चौथ्या आठवड्यात पुढचा शब्द सुचवणं चालू करून पाहा. मूल वाक्यापासून भरकटू लागलं तर पुन्हा बंद करा, त्यात कमीपणा नाही. पाचव्यापासून परिच्छेद.

हस्तलेखन बंद करू नका, पण तेच उत्तर दोनदा, एकदा टाइप करून आणि एकदा वहीत, असं लिहायला लावू नका. हा दंड अनेक वर्गांत नकळत दिला जातो आणि मूल साधनाचाच राग करू लागतं.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी पहिल्या पायरीचे नमुने पुन्हा घ्या, यावेळी टाइप करून. शुद्ध शब्दांचं प्रमाण, वाक्याची लांबी आणि मुलाने सोपा पर्याय न शोधता मनातला शब्द वापरला का, या तीन गोष्टी पाहा. तोंडी सांगताना 'आश्चर्य' म्हणणारं आणि वहीत 'मजा' लिहिणारं मूल टाइप करताना 'आश्चर्य' लिहू लागलं, तर काम योग्य दिशेने चाललं आहे. एकूण शब्द थोडे कमी झाले तरी चिंता नको, वेग नंतर येतो.

काहीच फरक नसेल तर बोलून लिहिण्याचा (व्हॉइस टायपिंगचा) पर्याय तपासा. उच्चार स्पष्ट असतील आणि शांत जागा मिळत असेल तर काही मुलांना तो जास्त जमतो.

८. शाळेचा संगणक आणि इंग्रजी

विंडोज १० च्या २०१९ मधल्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड मिळतो. मराठी भाषा जोडून तिच्या पर्यायांत तो निवडा. तो इंग्रजी अक्षरांतून चालतो, त्यामुळे वर सांगितलेलं दुहेरी ओझं इथे आहेच. सातवी-आठवीपर्यंत टॅबलेट बरा. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस एकत्र दाबायचं, हे मात्र सुरुवातीलाच शिकवा. वर्गात निम्मा वेळ तिथेच जातो.

इंग्रजीची सुरुवात मराठी स्थिरावल्यावरच करा. इंग्रजीसाठी अशी खास सॉफ्टवेअर आहेत जी आवाजावरून केलेल्या चुकाही ओळखतात आणि सुचवलेला प्रत्येक शब्द वाचून दाखवतात. इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी त्यांचा खर्च करण्याआधी विशेष शिक्षकांसोबत चाचणी आवृत्ती वापरून पाहा.

९. परीक्षेचं आताच विचारा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सियासारख्या वाचन-लेखनाच्या अडचणींचा) समावेश आहे, आणि वाढीव वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती प्रमाणपत्रावर मिळतात. पण संगणक वापरायची परवानगी आणि त्यावर सजेशन चालू ठेवायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संगणक मिळाला आणि परीक्षेच्या दिवशी सजेशन बंद करायला लावली, तर वर्षभराची तयारी वाया जाते.

म्हणून नववीच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. त्यात नेमकं लिहा: कोणतं यंत्र, कोणता कीबोर्ड, इंटरनेट बंद असेल, ऑटो-करेक्शन बंद असेल, शब्द सुचवणं चालू हवं आहे, कोणत्या विषयांना. सोबत प्रमाणपत्राची प्रत आणि सहा आठवड्यांच्या आधीचे-नंतरचे नमुने जोडा. उत्तरही लेखीच मागा. सजेशनला नकार आला तर लेखनिकाच्या सवलतीसाठी त्याच आठवड्यात अर्ज करा आणि लेखनिकासोबतचा सराव सुरू करा. मजकूर तोंडी सांगून लिहवून घ्यायलाही काही महिने लागतात.